आधी घरात, मग सभागृहात: एका पहिल्या नाटकाच्या वाचनाचे प्रकरण

पार्श्वभूमी

ऑकलंडच्या दक्षिण भागात, पॅसिफिक बेटांवरून आलेल्या कुटुंबांतील नवोदित नाटककारांना हात देणाऱ्या एका छोट्या उपक्रमात मी काही वर्षे समन्वयक होते. उपक्रमाचे स्वरूप साधे होते. निवड झालेल्या संहितेला पाच दिवसांची कार्यशाळा मिळे. तिच्यासाठी पाच नट, एक दिग्दर्शक आणि लेखकाशेजारी बसून संहितेला प्रश्न विचारणारा एक ड्रामाटर्ग मानधनावर घेतला जाई. आणि आठवड्याच्या शेवटी त्या संहितेचे लोकांसमोर वाचन होई. येथे त्यांपैकी एकाच नाटकाची हकिगत मांडली आहे. लेखिकेने आणि तिच्या घरच्यांनी ती लिहिण्यास संमती दिली आहे. तरीही ओळख पटू नये म्हणून संस्था, चर्च, सभागृह आणि वर्ष यांचा उल्लेख टाळला आहे, आणि कुटुंबाविषयीचे काही तपशील बदलले आहेत.

मराठी वाचकासाठी एक खुलासा आधीच करायला हवा. आपल्याकडे अभिवाचन म्हटले की बहुधा छापून झालेली, पक्की संहिता डोळ्यांसमोर येते आणि ऐकणारा ती आस्वाद म्हणून ऐकतो. येथे होणारे वाचन कच्च्या संहितेचे असते. नट म्युझिक स्टँडवर पाने ठेवून वाचतात, एक जण रंगसूचना वाचतो, प्रकाशयोजना किंवा वेशभूषा नसते, आणि कडेच्या खुर्चीवर बसलेला लेखक, प्रेक्षक नेमके कुठे चुळबुळ करू लागले, याच्या खुणा पेन्सिलीने समासात करत असतो. पुण्याच्या थिएटर अकादमीने १९८५ ते १९९४ या काळात सतीश आळेकरांच्या पुढाकाराने नाटककार घडवण्याची जी योजना राबवली, तिच्याशी या कामाचे नाते अभिवाचनापेक्षा अधिक जवळचे आहे.

२०२३ च्या जनगणनेनुसार न्यूझीलंडमध्ये पॅसिफिक वंशाचे सुमारे ४ लाख ४२ हजार लोक आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या ८.९ टक्के. त्यांतले निम्म्याहून अधिक ऑकलंडमध्ये राहतात, आणि सर्वांत मोठा गट सामोअन लोकांचा आहे. त्यांची या देशातली लिखित रंगभूमी मात्र तरुण आहे. १९९३ मध्ये क्राइस्टचर्चला ‘पॅसिफिक अंडरग्राउंड’ ही संस्था उभी राहिली आणि ऑस्कर काइटली व सायमन स्मॉल यांचे ‘फ्रेश ऑफ द बोट’ त्याच वर्षी रंगमंचावर आले. नाटककारांसाठी काम करणारी ‘प्लेमार्केट’ ही संस्था त्याच्या वीस वर्षे आधीपासून, १९७३ पासून, अस्तित्वात होती. म्हणजे संहितेवर काम करण्याची रीत देशात होती, पण ती रीत दुसऱ्या समाजाच्या बैठकीत बसून तयार झाली होती, आणि आमच्या उपक्रमाने ती जशीच्या तशी उचलली होती. पुढच्या बऱ्याचशा अडचणी त्यातून आल्या, असे मला आज वाटते.

लेखिका विशीतली होती, दक्षिण ऑकलंडमधल्या मांगेरेत वाढलेली, आणि विमानतळाजवळच्या एका गोदामात पार्सले लावण्याची रात्रपाळी करत होती. नाट्यशिक्षण तिने घेतलेले नव्हते. तिची रंगभूमी म्हणजे चर्चमधला ‘व्हाइट संडे’: ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी सामोअन मुले पांढरे कपडे घालून बायबलमधली वचने म्हणतात, छोटी नाटुकली करतात आणि त्या दिवशी घरातले मोठे मुलांना आधी जेवायला वाढतात. बारा वर्षे तिने ती नाटुकली केली आणि शेवटची चार स्वतः लिहिली. तिच्या संवादांना जी लय होती ती तिथून आलेली होती, आणि आमच्या निवड समितीतल्या एका सदस्याने नोंदवलेल्या ‘उपदेशाकडे झुकणे’ या दोषाचा उगमही तोच होता.

नाटक १९७६ मधल्या एका पहाटेचे होते. महायुद्धानंतर न्यूझीलंडच्या कारखान्यांना माणसे हवी होती म्हणून सामोआ, टोंगा, फिजी येथून लोक बोलावले गेले. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, ब्रिटनने युरोपीय बाजाराचा रस्ता धरल्याने निर्यात आटली, रोजगार घटला, आणि मुदत संपूनही राहिलेल्या परदेशी लोकांवर राग निघू लागला. १९७४ पासून १९७६ पर्यंत पोलीस आणि इमिग्रेशनचे अधिकारी पहाटे घरांत शिरून कागद तपासत असत. मुदतीपेक्षा जास्त राहणाऱ्यांत पॅसिफिक लोक साधारण एक तृतीयांश असताना खटल्यांत त्यांचे प्रमाण ८६ टक्के होते, हे १९८० च्या दशकाच्या मध्यातले आकडे सांगतात. लेखिकेच्या आजीच्या पॉन्सन्बीतल्या भाड्याच्या घरावरही अशी एक धाड पडली होती आणि तिचा धाकटा भाऊ त्यातून थोडक्यात वाचला होता. एवढी गोष्ट नातीला लहानपणापासून ठाऊक होती.

प्रश्न

धाडीचा प्रसंग हा नाटकाचा आरंभ होता. त्याचा पेच वेगळा होता. पोलिसांना पत्ता कोणी दिला? पहिल्या खर्ड्यात त्याचे उत्तर स्पष्ट होते: त्याच चर्चमधला, कारखान्यात मुकादमी हुकलेला एक सोयरा. नाव बदललेले होते, परंतु त्याचा लंगडा पाय, त्याचे गाव आणि चर्चच्या गायनवृंदातली त्याची जागा हे सगळे तसेच होते. चर्चमधल्या साठीपुढच्या कोणालाही तो माणूस पहिल्या पाच मिनिटांत ओळखू आला असता.

आम्हाला हे माहीत नव्हते, कारण आम्ही विचारले नव्हते. प्रवेश-अर्जात लेखकाची माहिती, संहितेचा सारांश, पूर्वी झालेले लेखन अशा रकान्यांत ‘ही गोष्ट कोणाची आहे आणि त्यांना ती लिहिली जात असल्याचे ठाऊक आहे का’ असा रकाना नव्हता. वाचनाची जाहिरात मांगेरेतल्या सभागृहाबाहेर आणि ओटाराच्या शनिवारच्या बाजारात लागली, आणि वाचनाला अठरा दिवस उरले असताना लेखिकेच्या मोठ्या काकांचा मला फोन आला. ते मताइ आहेत, म्हणजे कुटुंबाने एकत्र बसून दिलेली पदवी धारण करणारे, कुटुंबाच्या वतीने बोलणारे. आवाज शांत होता. त्यांनी माझी, माझ्या आईवडिलांची, माझ्या गावाची चौकशी केली, सातारा म्हणजे समुद्रापासून किती लांब, तेही विचारले, आणि मग म्हणाले, “ही गोष्ट तिची आहे असे तुम्हाला कोणी सांगितले?”

माझ्याकडे तयार उत्तर होते आणि ते मी दिले. १९९४ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संहितेवरचा हक्क ती लिहिणाऱ्याचा असतो. घडलेल्या घटनेवर कोणाचा हक्क नसतो. काका म्हणाले, “बरोबर आहे. मी कायद्याचे विचारले नाही.” आणि त्यांनी फोन ठेवला.

तुलनेने लहान दिसणारा, पण कार्यशाळेत रोज आडवा येणारा दुसरा प्रश्न भाषेचा होता. सामोअन भाषेला दोन उच्चार-रीती आहेत. चर्च, शाळा, छापील मजकूर आणि परक्यांशी बोलणे यांत ‘त’ आणि ‘न’ येतात; घरात, चुलीपाशी, भांडणात त्यांच्या जागी ‘क’ आणि ‘ङ’ येतात. आईला ‘तिना’ म्हणणारा माणूस घरात ‘किङा’ म्हणतो. पहिल्या रीतीला ‘चांगले बोलणे’ आणि दुसरीला ‘वाईट बोलणे’ अशीच नावे आहेत. लेखिकेने नाटकातले घरगुती संवाद ‘त’ रीतीत लिहिले होते, कारण सामोअन लिहायची ती याच रीतीने असते असे ती चर्चमध्ये शिकली होती. पहिल्याच दिवशी आईची भूमिका वाचणारी नटी थांबून म्हणाली, “दारात पोलीस उभे असताना ही बाई पाद्र्यासारखी का बोलते?” ग्रांथिक आणि बोली यांचा असा तिढा मराठी नाटकाने फार पूर्वी सोडवला असल्याने मला उत्तर सोपे वाटले. पण आपल्याकडे बोली लिहिणे गावंढळ समजले गेले असेल, देवासमोर अनादर करणारे नव्हे. वाचनाला पाद्री आणि त्यांच्या पत्नी येणार हे ठरलेले असताना लेखिकेला भीती त्याची होती.

समोर असलेले पर्याय

काकांच्या फोननंतर दिग्दर्शक, ड्रामाटर्ग, लेखिका आणि मी असे चौघे बसलो. वाचन रद्द करणे हा पहिला पर्याय कोणालाच नको होता. निधी त्या आर्थिक वर्षातच खर्च करायचा होता आणि नटांच्या तारखा बांधलेल्या होत्या. खरे सांगायचे तर त्या बैठकीत या दोन कारणांवर आम्ही जितका वेळ घालवला तितका काकांच्या प्रश्नावर घातला नाही. ठरल्याप्रमाणे वाचन करून आरंभी ‘सर्व पात्रे काल्पनिक आहेत’ असे निवेदन वाचावे, असे दिग्दर्शकाचे म्हणणे होते. ड्रामाटर्गने ते एका वाक्यात मोडीत काढले: ज्या सभागृहात सगळ्यांना सगळे ठाऊक आहे तिथे असे निवेदन म्हणजे बोट दाखवणेच. पत्ता देणाऱ्याचा प्रवेशच गाळावा, हा पर्याय लेखिकेने स्वतः मांडला, पण मांडताना ती रडत होती, आणि तो प्रवेश काढल्यास नाटकात केवळ इतिहासाच्या पुस्तकातली धाड उरते हेही खरे होते. असे नाटक आधीच होते: काइटली यांचे ‘डॉन रेड्स’ १९९७ मध्ये आले आणि २०२२ मध्ये ऑकलंडच्या मोठ्या नाट्यगृहात पुन्हा झाले. नव्या लेखिकेजवळ सांगण्यासारखे जे होते ते दारावरच्या थापेविषयी कमी आणि त्यानंतर चाळीस वर्षे एकाच बाकावर बसून प्रार्थना करणाऱ्या दोन घरांविषयी अधिक होते.

उरलेला पर्याय जागा बदलण्याचा होता. शहराच्या मध्यभागी एका नाट्यगृहाची तालमीची खोली रिकामी होती. तिथे मांगेरेहून कोणी येणार नाही, प्रेक्षक नाट्यक्षेत्रातले असतील, संहितेवर ‘मोकळी’ चर्चा होईल. हा मार्ग मी सुचवला आणि तोच स्वीकारला गेला.

पहिला निर्णय आणि त्याचा परिणाम

या निर्णयाने तीन दिवसांत काम बिघडवले. पोस्टरवर नवा पत्ता चिकटवल्याचे कळताच लेखिकेची आत्या आमच्या कार्यालयात आली. ती रागावलेली नव्हती, तिला नीट समजून घ्यायचे होते, आणि म्हणूनच तिचे वाक्य अधिक लागले: “म्हणजे आमच्या घरातली गोष्ट पालांगींनी ऐकलेली चालते. आम्ही ऐकलेली चालत नाही.” पालांगी म्हणजे गोरे लोक; मीही त्या क्षणी त्यांच्यातच मोडत होते.

सामोअन विचारात ‘वा’ अशी एक कल्पना आहे: दोन माणसांमधली, दोन घरांमधली जी जागा त्यांना जोडते ती. ती रिकामी नसते, तिची निगा राखायची असते. ‘तेउ ले वा’ म्हणजे ती जागा नीटनेटकी ठेवणे. आमच्या प्रशिक्षणाच्या कागदपत्रांत हा शब्द होता, मीच तो एका अर्जात वापरून निधी मिळवला होता. परंतु प्रसंग आला तेव्हा मी त्या जागेपासून पळ काढण्याची सोय शोधली. निर्णय चुकीचा होता हे मला आत्याच्या बोलण्याने कळले. किती चुकीचा होता हे पुढच्या शनिवारी, त्यांच्या घरी कळले.

काय केले

लेखिकेने आत्याला विचारले की आम्ही घरी येऊन संहिता वाचली तर चालेल का. आत्याने काकांना विचारले. काकांनी दोन दिवसांनी होकार दिला आणि वेळ कळवली: शनिवारी संध्याकाळी, घरच्या प्रार्थनेनंतर. आम्ही मध्यवर्ती खोलीचे आरक्षण रद्द केले, जाहीर वाचन तीन आठवडे पुढे ढकलले, आणि त्यासाठी नटांना दुसऱ्यांदा मानधन द्यावे लागले. ती रक्कम आम्ही प्रसिद्धीच्या खर्चातून काढली.

त्या संध्याकाळी दारात चपला काढून आत गेलो तर बैठकीच्या खोलीतले सोफे भिंतीला लावून मध्ये चटया पसरल्या होत्या, आणि भिंतीच्या कडेने घरातली अकरा माणसे मांडी घालून बसली होती. आमच्या नटांनी सवयीने म्युझिक स्टँड उघडायला सुरुवात केली. लेखिकेने एकाचा हात धरला. वडीलधारी माणसे जमिनीवर बसलेली असताना त्यांच्यापुढे उभे राहून बोलणे हा तिथे उद्धटपणा आहे. कुणाच्या समोरून जायचे झाले तरी वाकून, ‘तुलोउ’ म्हणत जायचे असते. पाच व्यावसायिक नटांनी स्टँड गाडीत परत नेऊन ठेवले, मांडी घातली, आणि कागद मांडीवर घेऊन दीड तास वाचले. पाय अवघडला म्हणून एकाने तो पुढे लांब केला, तर आत्याने काही न बोलता त्याच्या पायावर एक चादर टाकली. आमच्या घरीही आजीच्या दिशेने पाय केला की हेच झाले असते, फक्त चादरीऐवजी चापट मिळाली असती.

मला दोन क्षण नेमके आठवतात. पहिला भाषेचा होता. आधीच्या दोन दिवसांत लेखिकेने घरातले संवाद ‘क’ रीतीत बदलून पाहिले होते आणि ती पाने वाचताना तिची मान खाली होती. आईच्या तोंडचे पहिले ‘क’ रीतीतले वाक्य आले तसे भिंतीकडून एकदम हसू फुटले, आणि एका चुलत भावाने ते वाक्य आपल्या आईच्या हेलात पुन्हा म्हणून दाखवले. पाद्र्यांचे काय, हा प्रश्न काकांनीच मिटवला. भाषण करणारे मताइसुद्धा सभेत ‘क’ रीतीनेच बोलतात, ते म्हणाले. देवाशी बोलताना ‘त’, माणसाशी बोलताना ‘क’, आणि नाटकातली बाई पोलिसांशी बोलते आहे.

दुसरा क्षण आजीचा. संहितेत धाकट्या भावाला कपाटात लपवले होते. आजीने हात वर करून वाचन थांबवले आणि सामोअनमध्ये काही म्हणाली. आत्याने भाषांतर केले. “कपाट नव्हतेच. कपाट घ्यायला पैसे कुठे होते? तो गादीखाली होता, चटयांमध्ये.” सामोअन घरांत लग्न-मर्तिकाला द्यायच्या बारीक विणीच्या चटया, ‘इए तोंगा’, गादीखाली सपाट ठेवायची पद्धत आहे. भाऊ त्या चटयांच्या थरांत आडवा झाला, वरून गादी, गादीवर तापाने फणफणलेले मूल. पोलिसांनी मुलाला उठवले नाही.

आजी इथे थांबली आणि स्वतःशीच हसू लागली. सामोअन समाजात गंभीर अपराध घडला की अपराधी, किंवा त्याच्या वतीने त्याचा प्रमुख, दुखावलेल्या घरापुढे पहाटे येऊन बसतो आणि अंगावर अशीच चटई ओढून घेतो. ती चटई यजमानाने उचलली तर क्षमा झाली. याला ‘इफोंगा’ म्हणतात. १ ऑगस्ट २०२१ रोजी ऑकलंडच्या टाउन हॉलमध्ये पहाटेच्या धाडींबद्दल सरकारच्या वतीने माफी मागताना पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न यांच्यावर अशी चटई धरण्यात आली होती, आणि आजीने तो सोहळा दूरदर्शनवर पाहिला होता. तिचे म्हणणे आत्याने असे सांगितले: “चटईखाली बसायचे ते चूक करणाऱ्याने. आमच्याकडे चूक दुसऱ्यांनी केली आणि चटईखाली माझा भाऊ.”

लेखिकेने काहीही लिहून घेतले नाही. ती फक्त आजीकडे पाहत होती.

वाचन संपल्यावर काका बोलले. नाटक थांबवा असे त्यांनी त्या दिवशीही म्हटले नाही आणि, मी नंतर नोंदी तपासल्या, फोनवरही म्हटले नव्हते. त्यांची अडचण निराळी होती. पत्ता देणारा सोयरा कधीच वारला आहे. पण त्याच्या दोन नाती या घरातल्या मुलींबरोबर गायनवृंदात गातात, आणि त्यांच्या आजोबांनी काय केले ते त्यांना ठाऊक नाही. “त्यांना ते नाट्यगृहात कळावे का?” एवढेच त्यांनी विचारले. उत्तर कोणी दिले नाही. मग सापासुई आणि नारळाच्या दुधातले गोड पाव आले, आणि नाटकाचा विषय त्या रात्री पुन्हा निघाला नाही.

जाहीर वाचनापूर्वीच्या दिवसांत लेखिकेने तो प्रवेश नव्याने लिहिला. सामोआत ‘फाले आइतु’ नावाची जुनी विनोदी नाट्यपरंपरा आहे. शब्दशः अर्थ ‘भुतांचे घर’. त्यात सोंग काढणारा मोठ्यांची, मताइंची, पाद्र्यांचीही टर उडवतो आणि कोणी रागावत नाही, कारण बोलतो तो माणूस नसतो, त्याच्या तोंडून भूत बोलत असते. आपल्या वगातल्या सोंगाड्याला राजाची खोडी काढायची जी मुभा असते, तिच्या जवळ जाणारी ही मुभा आहे. नव्या प्रवेशात रात्री घरातली भुते जमतात, आजीची चटई मधे अंथरतात आणि एकेक जण तिच्याखाली जाऊन बसतो: पत्ता मी दिला. घरमालक बसतो, मुकादम बसतो, गाण्याची बाई बसते, पोलीस बसतो, शेवटी खुद्द आई बसते, कारण तिने एकदा दुकानात मोठ्याने भावाचे नाव घेतले होते. चटई प्रत्येकावरून उचलली जाते. खरा कोण ते नाटक सांगत नाही. ड्रामाटर्गने यातला शेवटचा कबुलीजबाब कापायला सांगितला होता. लेखिकेने ऐकले नाही, आणि तिचेच बरोबर होते.

जाहीर वाचन

वाचन मांगेरेतच, ठरल्या सभागृहात झाले. ज्या घराचा प्रश्न होता त्या घरी काका आदल्या रविवारी स्वतः जाऊन आले. तिथे काय बोलणे झाले ते मी विचारले नाही. त्या दोन नाती आल्या होत्या आणि पुढून तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

निर्णयाची आणखी एक जागा वाचनानंतरच्या चर्चेची होती. आमच्याकडे तोवर अमेरिकन नृत्यकार लिझ लर्मन यांनी १९९० मध्ये बांधलेली चार टप्प्यांची पद्धत वापरली जाई: प्रेक्षक आधी काय भिडले ते सांगतात, मग कलाकार प्रश्न विचारतो, मग प्रेक्षक तटस्थ प्रश्न विचारतात, आणि शेवटी ‘माझे अमुक विषयी एक मत आहे, ऐकायचे आहे का’ अशी परवानगी घेऊन मत देतात. पद्धत विचारपूर्वक बांधलेली आहे आणि तिचा सारा भर कलाकाराच्या ‘नको’ म्हणण्याच्या हक्कावर आहे. तेविसाव्या वर्षी सत्तरीच्या मताइला भर सभेत ‘नको’ म्हणणारी सामोअन मुलगी मी पाहिलेली नाही. दुसरा टप्पाही तितकाच अवघड: धाकट्याने मोठ्यांना प्रश्न विचारायचे ते कोणत्या तोंडाने? ज्या नियमाने लेखकाचे संरक्षण व्हायचे तोच तिला उघडे पाडणार होता.

म्हणून ती पद्धत बाजूला ठेवून आम्ही तालानोआच्या वळणाने जायचे ठरवले. तालानोआ म्हणजे विषय न बांधता, घाई न करता, एकमेकांच्या गोष्टींत गोष्ट मिसळत केलेले बोलणे. सूत्रे चर्चमधल्या एका वक्त्या मताइकडे दिली. आरंभी प्रार्थना झाली, मग वयाच्या क्रमाने लोक बोलले, आणि लेखिकेने त्या दिवशी काहीही उत्तर द्यायचे नाही असे त्यांनीच जाहीर करून टाकले. तिच्या नावे ड्रामाटर्गने नोंदी घेतल्या. चर्चा दीड तास चालली. तिचा मोठा भाग संहितेविषयी नव्हताच; लोक आपापल्या घरातली धाड सांगत होते, कोणाच्या वडिलांनी पोत्यात, कोणाच्या मावशीने शेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्यात काढलेली पहाट सांगत होते. दिग्दर्शक माझ्या कानाशी पुटपुटला की रचनेबद्दल कोणीच काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी नोंदी वाचताना दिसले की ज्या ठिकाणी लोकांनी स्वतःची गोष्ट सुरू केली होती ती सगळी ठिकाणे नाटकाच्या पूर्वार्धातली होती, आणि तुरुंगातल्या प्रवेशावर एकही गोष्ट आली नव्हती. तो प्रवेश पुढच्या खर्ड्यात निम्मा झाला.

परिणाम

नाटकाचा पूर्ण प्रयोग अद्याप झालेला नाही. वाचनाला आलेल्या एका व्यावसायिक नाट्यसंस्थेने रस दाखवला, परंतु सामोअन संवादांचे प्रमाण कमी करण्याची सूचना केली. लेखिकेने ती सध्या स्वीकारलेली नाही, आणि बोलणी थांबली आहेत. हे अपयश आहे की नाही याविषयी आमच्यातच दुमत आहे. निधी देणाऱ्यांच्या अहवालात ‘प्रयोगापर्यंत पोचलेल्या संहिता’ या रकान्यात या नाटकापुढे शून्य आहे.

संहितेच्या पहिल्या पानावर आता ‘लेखन’ या शब्दाखाली तिचे नाव आहे आणि त्याच्या वर, वेगळ्या ओळीत, ‘गोष्ट’ या शब्दाखाली कुटुंबाचे नाव. कायद्याने त्या दुसऱ्या ओळीला फारसा अर्थ नाही. काकांनी त्या पानाची प्रत मागून घेतली. आमच्या गटातल्या दुसऱ्या एका लेखकाने मात्र याच घटनेनंतर उपक्रम सोडला. घरच्यांना विचारून लिहायचे असेल तर मी काहीच लिहू शकणार नाही, असे त्याने कळवले. त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक आहे, आणि त्याचे म्हणणे खोटे आहे असे मला म्हणता येत नाही.

वेगळे काय करता आले असते

गोष्ट कोणाची, हा प्रश्न अर्जातच विचारायला हवा होता. मात्र तो संमतीपत्राच्या भाषेत विचारला असता तर या घरात उलटला असता. संमती ही एका सहीत मिळण्याची वस्तू नव्हती. ती आधी आत्याकडे गेली, मग काकांकडे, मग दुसऱ्या घरी, आणि तिला लागलेला वेळ आमच्या वेळापत्रकात कुठेच बसत नव्हता. पाच सलग दिवसांची कार्यशाळा हीच मुळात चुकीची मोजणी होती असे मला वाटते. दोन दिवस, मग महिनाभराची उसंत, मग तीन दिवस असे केले असते तर तेवढ्याच पैशांत घरच्या वाचनाला जागा मिळाली असती आणि नटांना दुसऱ्यांदा मानधन द्यावे लागले नसते.

जागा बदलण्याचा माझा निर्णय मी आत्याला किंवा काकांना विचारून घेतला असता तर तो घेतलाच गेला नसता. एक फोन पुरेसा होता. मी तो केला नाही, कारण मला उत्तराची भीती वाटत होती.

उपक्रम सोडून गेलेल्या लेखकाच्या बाबतीत आम्ही कमी पडलो. घरी नेता येते अशा गोष्टीसाठी जी वाट सापडली, ती घरीच बोलता न येणाऱ्या गोष्टीसाठी चालत नाही, आणि अशा लेखकांसाठी शहराच्या मध्यभागातली ती तालमीची खोली कदाचित योग्यही ठरली असती. दोन्ही वाटा खुल्या ठेवून, कोणती घ्यायची ते लेखकाशी कार्यशाळेआधी बोलून ठरवायला हवे होते.

पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात मी ‘घरचे वाचन’ अशी एक ओळ घातली: नटांचे अर्ध्या दिवसाचे मानधन, भाषांतर करणाऱ्या घरातल्या माणसाचे मानधन, आणि जेवण. निधी देणाऱ्या कार्यालयाने जेवणापुढे प्रश्नचिन्ह काढून कागद परत पाठवला. त्याचे स्पष्टीकरण लिहायला दोन पाने लागली, आणि ती दोन्ही पाने आत्याने सांगितली, मी फक्त टाइप केली.